भिडू मिळण्याचं दुकान

डिसेंबरात सिएटलचा सूर्य दुपारी सव्वाचार-साडेचारलाच मावळतो. इथला पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही; पण ऑक्टोबरात लागलेली रिपरिप वसंत येईपर्यंत पाठ सोडत नाही. अशा ओल्या, लवकर अंधारलेल्या संध्याकाळी बेलव्ह्यू शहरातल्या बेल-रेड रोडवर मॉक्स बोर्डिंग हाऊसचं दार ढकलून आत गेलं, की आधी आवाज भेटतो. पत्ते पिसल्याचा, फासे लाकडावर गडगडल्याचा, आणि पुष्कळ माणसं एकाच वेळी बोलत असल्याचा. एकीकडे खेळांच्या बॉक्सनी भरलेली शेल्फं, दुसरीकडे लांबरुंद टेबलं, आणि खाण्यापिण्यासाठी बाजूलाच रेस्टॉरंट. हे दुकान आहे हे कळायला नवख्याला दोन मिनिटं लागतात, कारण आत आलेल्यांपैकी बरेच जण काहीच विकत घेत नसतात. ते खेळत बसलेले असतात.

सिएटलच्या पूर्वेकडचा हा पट्टा, म्हणजे बेलव्ह्यू, रेडमंड, समामिश, बॉथेल, मराठी घरांना चांगला ओळखीचा आहे. मायक्रोसॉफ्टने १९८६ साली रेडमंडला मुक्काम हलवला, आणि पुढच्या काळात पुण्या-मुंबईची किती तरी मंडळी इथे येऊन वसली. सिएटल महाराष्ट्र मंडळाचे गणपती-दिवाळीचे कार्यक्रम होतात. पण वर्षातले बाकीचे आठवडे उरतातच. ज्यांचं बालपण मे महिन्याच्या दुपारी बदाम सात, मेंढीकोट, नॉट ॲट होम आणि ‘व्यापार’ खेळण्यात गेलं, त्यांना भिडू शोधावे लागत नव्हते. चाळीच्या गॅलरीत, वाड्याच्या ओसरीवर, सोसायटीच्या जिन्यात ते आपोआप जमत. अमेरिकेत घरं एकमेकांपासून लांब, प्रत्येक भेट आधी ठरवावी लागते, आणि चौथा भिडू मिळेपर्यंत निम्मा शनिवार निघून जातो. टेबलटॉप खेळांचं चांगलं दुकान ही अडचण सोडवतं. वाईट दुकानात मात्र अनोळखी माणूस एकदा जातो आणि पुन्हा त्या रस्त्याला फिरकत नाही. म्हणून दुकान कसं निवडावं हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे.

आणि तो विचारायला सिएटलइतकं योग्य महानगर अमेरिकेत दुसरं नसेल.

विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी पीटर ॲडकिसन यांनी १९९० साली सिएटलच्या दक्षिणेला केंट इथे घराच्या तळघरातून सुरू केली. रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा अभ्यासक त्यांच्याकडे आपला एक बोर्ड गेम घेऊन आला होता. ॲडकिसन यांना मात्र हवा होता कमी खर्चात छापता येईल असा, खिशात मावणारा, संमेलनांमध्ये दोन मोठ्या खेळांच्या मधल्या फावल्या वेळात उरकणारा खेळ. त्यातून १९९३ साली ‘मॅजिक: द गॅदरिंग’ जन्माला आला. प्रत्येक भिडूने आपापल्या पत्त्यांचा जोड स्वतः रचून आणायचा, ही कल्पना तेव्हा नवी होती. १९९७ साली याच कंपनीने टीएसआर ही खेळांची कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ सालचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ही सिएटलच्या परिसरात आला. १९९९ साली हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने विझार्ड्सलाच घेतलं. आज तिचं मुख्यालय रेंटनला आहे. पोकेमॉनच्या आंतरराष्ट्रीय कंपनीचं कार्यालय बेलव्ह्यूत, ‘पाथफाइंडर’ हा त्याच जातीचा खेळ काढणाऱ्या पायझोचा पत्ता रेडमंडचा, आणि पॅक्स हा खेळांचा मोठा मेळा २००४ साली पहिल्यांदा भरला तोही बेलव्ह्यूतच.

या सगळ्यातली एक गोष्ट दुकान निवडणाऱ्याने लक्षात ठेवावी. १९९७ साली विझार्ड्सने सिएटलच्या विद्यापीठ भागात, युनिव्हर्सिटी वेवर, स्वतःचं भलंमोठं खेळघर उघडलं. १९९९ साली गेम कीपर ही दुकानांची साखळीही घेतली. पैसा होता, खेळ स्वतःचे होते, नावाला वजन होतं. तरी खेळघर काही वर्षांतच बंद पडलं, आणि २००३ च्या अखेरीस कंपनीने आपली सगळी दुकानं बंद करायचं ठरवलं. खेळ तयार करणं आणि खेळणाऱ्यांना जमवून टिकवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. दुसरं काम रोज संध्याकाळी, तोंडओळखीवर, एकेका खुर्चीपाशी करावं लागतं. ते मुख्यालयातून होत नाही.

मग हे काम करणाऱ्या दुकानाचं पोट कशावर चालतं? हिशेब मांडून पाहावा. साठ डॉलर छापील किंमत असलेला बोर्ड गेम दुकानदाराला वितरकाकडून साधारण निम्म्या किमतीत पडतो. तो पूर्ण किमतीला विकला गेला, तर हाती तीस डॉलर. सिएटल शहरात २०२५ सालचं किमान वेतन ताशी २० डॉलर ७६ सेंट होतं. काउंटरवर दोन माणसं दहा तास उभी राहिली तर त्यांच्या पगारापुरतेच दिवसाला चौदा बॉक्स विकायला हवेत. भाडं, वीज, विमा, परत आलेला माल हे सगळं त्यानंतर. आणि समोर उभा आहे ॲमेझॉन, ज्याची सुरुवातच १९९४ साली बेलव्ह्यूच्या एका गॅरेजमध्ये झाली. बॉक्सवर तिकडे वीस-तीस टक्के सवलत मिळत असेल, तर दुकानदाराला ती देणं म्हणजे कमाईचा बराचसा भाग सोडून देणं.

त्यात २०२५ च्या एप्रिलमध्ये चिनी मालावरचं आयातशुल्क १४५ टक्क्यांपर्यंत चढलं आणि मे महिन्यात ३० टक्क्यांवर उतरलं. अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक बोर्ड गेम चीनमध्ये छापले जातात. ‘विंगस्पॅन’ काढणारी सेंट लुइसची स्टोनमायर गेम्स ही कंपनी तर इतर लहान कंपन्यांबरोबर या शुल्काविरुद्ध न्यायालयात गेली. दुकानदारांसाठी तो काळ पुढच्या महिन्यात कुठला माल कितीला येणार हेच न कळण्याचा होता.

म्हणून टिकलेली दुकानं बॉक्सबरोबर आणखी काही तरी विकतात: जेवण, कॉफी, सुटे पत्ते, स्पर्धेचं प्रवेशशुल्क, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बसायला जागा. शेल्फ किती उंच यावरून दुकान जोखणारा माणूस चुकीची गोष्ट मोजतो. हजारो खेळ कुणीही मागवू शकतं. पाहायचं ते हे, की एकटा आलेला अनोळखी माणूस अर्ध्या तासात कुठल्या तरी टेबलावर बसलेला असतो का.

ही परीक्षा सर्वांत स्पष्ट दिसते ती शुक्रवारी. ‘फ्रायडे नाइट मॅजिक’ हा कार्यक्रम २००० सालापासून देशभरच्या दुकानांत चालतो, आणि त्यात ‘ड्राफ्ट’ नावाचा एक प्रकार आहे. आठ जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकासमोर तीन बंद पाकिटं. पहिलं फोडायचं, आवडेल तो एक पत्ता आपल्याकडे ठेवायचा, बाकीचे डावीकडच्या भिडूला सरकवायचे. असं करत पाकिटं फिरत फिरत संपतात. दुसऱ्या पाकिटाला दिशा उलटी, तिसऱ्याला पुन्हा डावीकडे. शेवटी हातात चाळीसेक पत्ते जमतात; त्यांतले निवडून, त्यांत दुकानाने दिलेली ‘लँड’ची पानं घालून चाळीस पत्त्यांचा जोड रचायचा आणि खेळायला बसायचं. या प्रकाराची खरी गंमत अशी, की घरी हजारो डॉलरचे पत्ते असलेला आणि आयुष्यात एकही पत्ता न घेतलेला, दोघे एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात. पानं कळायला वेळ लागतो, पण दुसऱ्याच्या खिशातल्या पाकिटाच्या वजनाने कुणी दबत नाही.

आता त्या टेबलाकडे नीट पाहावं. नवखा माणूस पत्ता हातात धरून वाचत बसला असेल तर शेजारचा उसासे टाकतो का, की सावकाश म्हणतो? सुरू व्हायच्या आधी दुकानातलं कुणी येऊन नियम सांगतं का? आणि बक्षिसं कशी वाटली जातात, हेही विचारून घ्यावं. काही दुकानं सगळं पहिल्या दोघांना देतात. तिथे हळूहळू तरबेज खेळाडूच उरतात आणि बाकीचे गळून जातात. काही दुकानं जिंकलेल्या प्रत्येक डावाला एकेक पाकीट देतात आणि सगळे डाव हरलेल्यालाही रिकाम्या हाती पाठवत नाहीत. दुसऱ्या प्रकारचं दुकान निवडावं. यात दयेचा भाग नाही. पुढच्या शुक्रवारी आठ खुर्च्या भरायच्या असतील, तर आज हरलेला माणूस परत यायला हवा, हे त्या दुकानदाराला कळलेलं असतं.

‘कमांडर’ हा मॅजिकचा दुसरा प्रकार आता बहुतेक दुकानांत अधिक दिसतो. चार भिडू, प्रत्येकाचा शंभर पत्त्यांचा जोड, आणि गप्पा मारत चालणारा तास-दीड तासाचा डाव. यात धोका वेगळा. एकाचा जोड दुकानातून घेतलेला तयार, दुसऱ्याचा वर्षानुवर्षं जमवलेला. असे दोघे समोरासमोर बसले, तर नवख्याला पाचव्या चालीला नुसतं पाहत बसावं लागतं. २०२५ साली विझार्ड्सने जोडांचं बळ सांगणाऱ्या पाच पायऱ्या ठरवून दिल्या, त्या याचसाठी. चांगल्या दुकानात बसवण्याआधी विचारलं जातं: जोड कितपत ताकदीचा आहे, किती दिवस खेळता आहात? हा एक प्रश्न ऐकू आला की तिथे निर्धास्त बसावं.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या टेबलांची गोष्ट आणखी नाजूक. तिथे एक जण कथा चालवतो, चार-पाच जण तिच्यातली पात्रं होतात, आणि ही मोहीम महिनोन् महिने चालते. असं जमलेलं टेबल बाहेरच्याला बंद दारासारखं वाटतं. त्यामुळे त्या दुकानात एका बैठकीत संपणाऱ्या मोहिमा होतात का, हे पाहावं. महिन्यातून एखादी तरी संध्याकाळ ‘आधी न खेळलेल्यांसाठी’ असेल, तर त्या दुकानाला भविष्य आहे. कथा सांगण्याचा हा खेळ मराठी घरातल्या मुलांना लवकर जमतो, असा अनेकांचा अनुभव आहे. गोष्ट रंगवून सांगायची सवय आजी-आजोबांकडून आलेली असते.

बोर्ड गेमच्या बाबतीत एक साधी खूण पुरते. बहुतेक चांगल्या दुकानांत खेळून पाहण्यासाठी उघड्या खेळांचं कपाट असतं. त्यातला मधल्या रांगेतला, जरा झिजलेला एक बॉक्स काढून उघडावा. सोंगट्या रंगांप्रमाणे लहान पिशव्यांत ठेवलेल्या आहेत का? फासे आहेत का? नियमांचं पुस्तक जागेवर आहे का? जिथे रोज रात्री कुणी तरी हे आवरतं, तिथे बाकीच्या गोष्टींचीही काळजी घेतली जाते. स्वच्छतागृह पाहावं. व्हीलचेअर दोन टेबलांमधून जाईल इतकी वाट आहे का, पाहावं. आणि आवाजही ऐकावा; ऐंशीच्या घरातले आजोबा बरोबर येणार असतील, तर छत किती उंच आणि खोली किती घुमते यावर त्यांची संध्याकाळ अवलंबून असते.

मुलींशी आणि बायकांशी कसं वागलं जातं, हे मात्र खुणेवर सोडू नये. या छंदात फार काळ पुरुषांचीच गर्दी होती, आणि काही दुकानांत ती सवय अजून भिंतींना चिकटलेली आहे. आई आणि मुलगी दोघी आल्या असताना काउंटरवरचा माणूस फक्त मागे उभ्या वडिलांशी बोलत असेल, तर तेवढ्यावरून परत फिरावं. उलट वागण्याचे नियम भिंतीवर लिहिलेले असतील, आणि ते मोडणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार रात्रपाळीच्या पोरालाही असेल, तर ते दुकान आपलं.

सिएटलच्या परिसरात एकाच साच्याची दुकानं नाहीत, हे बरंच आहे. बॅलर्ड भागात लिअरी ॲव्हेन्यूवर मॉक्सचं मोठं दुकान आहे, ते कार्ड किंगडमचं. मॅजिकचे सुटे पत्ते विकण्या-घेण्यात या नावाची ओळख देशभर आहे. ग्रीनवुडमधलं गॅरीज गेम्स अँड हॉबीज जुन्या वळणाचं, शेजारातलं दुकान. बॉथेलचं झुलूज हे बोर्ड गेम कॅफे, म्हणजे खाता-पिता खेळायची जागा. बेल-रेडचं मॉक्स रेल्वेने जाण्यासारखं आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या लाइट रेलच्या बेलरेड स्थानकावरून तिथे चालत पोचता येतं. गाडी न चालवणाऱ्या, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना हे लहान वाटणार नाही. आणि पटावरच रमणाऱ्यांसाठी बेलव्ह्यूच्या क्रॉसरोड्स मॉलमधला जमिनीवर मांडलेला भला मोठा बुद्धिबळाचा पट आहेच; त्याच्याभोवती निरनिराळ्या भाषांतले सल्ले उभे असतात.

इतर महानगरांतही असंच वैविध्य आहे. न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगजवळचं कम्प्लीट स्ट्रॅटेजिस्ट सत्तरच्या दशकापासूनचं, युद्धखेळांच्या काळातलं. बर्कलीचं गेम्स ऑफ बर्कली १९८० चं. ब्रुकलिन स्ट्रॅटेजिस्ट २०११ साली जॉन फ्रीमन या मानसशास्त्रज्ञाने काढलं, मुलांना खेळांतून विचार करायला शिकवण्याच्या हेतूने. ग्रीनिच व्हिलेजमधलं अनकॉमन्स जुन्या व्हिलेज चेस शॉपच्या जागेत उभं आहे. बुद्धिबळाच्या दुकानाची जागा बोर्ड गेमच्या कॅफेने घ्यावी यात त्या शहराच्या बदलत्या सवयी दिसतात. याच शहरात २०२३ साली हेक्स अँड कंपनी या बोर्ड गेम कॅफेच्या कामगारांनी युनियन बांधली आणि वर नाव घेतलेल्या ब्रुकलिन स्ट्रॅटेजिस्ट व अनकॉमन्सचे कामगारही त्याच वाटेने गेले. गिऱ्हाइकाला खेळ शिकवणारा माणूस दुकानाचा खरा आधार असतो. तो दर चार महिन्यांनी बदलत असेल, तर आपल्याला नावाने ओळखणारं तिथे कुणी उरत नाही. म्हणून मागच्या वर्षी भेटलेले चेहरे या वर्षीही काउंटरमागे आहेत का, हे जरूर पाहावं.

आई-बाबांसाठी एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगायला हवी. पोकेमॉन आणि मॅजिकची बंद पाकिटं ही नशिबाची खरेदी असते. दहा वर्षांच्या मुलाला हवा असलेला एक पत्ता मिळवण्यासाठी वीस पाकिटं फोडू देणं म्हणजे त्याला सोडतीची सवय लावणं. प्रामाणिक दुकानदार अशा वेळी स्वतःहून सांगतो, की हवा तो पत्ता सुटा घे, स्वस्त पडेल. आपल्या दुकानात हे वाक्य कधी ऐकू येतं का, याकडे कान असू द्यावा. जुने पत्ते विकायला नेल्यावर रोख किती आणि दुकानात खर्चायला किती, हे दोन्ही दर उघड सांगितले जातात का; मूल एकटंच पत्ते विकायला आलं, तर मोठ्या माणसाला बोलावलं जातं का; पत्त्याची कड झिजली आहे ते दाखवून मग किंमत कमी केली जाते की नुसतीच. यांत जे दुकान सरळ, ते बाकीच्यातही सरळ असतं.

शेल्फांवर ओळखीचं काही दिसावं अशी इच्छा असेल, तर तीही पुरी होते. पचिसीवरून घेतलेला ‘पार्चीसी’ अमेरिकेत १८७४ सालापासून नोंदलेल्या नावाने विकला जातो आहे. आपली सापशिडी तिथे ‘शूट्स अँड लॅडर्स’ होऊन १९४३ पासून आहे, फक्त सापांच्या जागी घसरगुंड्या. ‘जयपूर’ हा सेबास्तियाँ पोशों यांचा दोघांचा पत्त्यांचा खेळ व्यापाऱ्यांवर आणि उंटांवर बेतलेला. नवरा-बायकोला रात्री मुलं झोपल्यावर खेळायला याहून सोपा खेळ क्वचित मिळेल. आणि सिएटलकरांनी घरचा म्हणून घ्यावा तो ‘कॅस्केडिया’. सिएटलच्याच फ्लॅटआउट गेम्सने तो २०२१ साली काढला; अस्वलं, सॅमन, ससाणे, एल्क आणि कोल्हे यांच्यासाठी जंगल जोडत जायचं. २०२२ साली त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा या क्षेत्रातला सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला. भाषा फारशी लागत नाही, त्यामुळे इंग्रजी न वाचणारी आजीसुद्धा पहिल्या डावात बरोबरीने बसते.

मंडळांनीही या दुकानांकडे पाहावं. आठवड्याच्या मधल्या वारी टेबलं बऱ्याचदा रिकामी असतात, आणि दहा-बारा माणसं येऊन जेवणार, चार बॉक्स घेणार असतील, तर जागा राखून द्यायला दुकानदार खुशीने तयार होतात. शाळेचं सभागृह भाड्याने घेण्यापेक्षा हे स्वस्त, आणि नुकतंच भारतातून आलेलं, कुणालाच न ओळखणारं जोडपं तिथे येऊन नुसतं बसलं तरी चालतं. हातात पत्ते असले की ओळख करून घ्यायला वेगळं निमित्त लागत नाही.

ज्याला दुकान निवडायचं आहे त्याने पहिल्या भेटीला गर्दीचा शुक्रवार टाळावा; तो पुढच्या भेटीसाठी ठेवावा. मंगळवारी किंवा बुधवारी, सात वाजता, एकट्याने जावं. काउंटरवर एवढंच विचारावं, की आज नवख्या माणसाला कुठे बसता येईल. उत्तर म्हणून शेल्फाकडे बोट दाखवलं, तर आभार मानून निघावं. काउंटरमागचा माणूस बाहेर आला, टेबलापाशी घेऊन गेला आणि तिथल्यांना तुमचं नाव सांगितलं, तर तिथेच बसा. आणि उठताना एक बॉक्स तिथूनच घ्या, ऑनलाइन दहा डॉलर स्वस्त दिसत असला तरी. ते दहा डॉलर त्या खुर्चीचं भाडं आहे.